२२ वर्षांच्या पोरीनं ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून मुंबईत सिक्रेट रेडिओ स्टेशन चालवलं होतं

कल्याणहून माळशेज घाटाकडं निघालं की मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशी गावं मागं पडत जातात आणि मग वैशाखरे लागतं. पावसाळ्यात धबधबे बघायला जाणाऱ्या गाड्या इथूनच पुढं सरकतात. घाट जवळ आला की मोबाईलची रेंज येते-जाते. दहा मिनिटं रेंज गेली तरी गाडीतली पोरं अस्वस्थ होतात. जगात काय चाललंय तेच कळेना, असं वाटायला लागतं.

आता अशी रेंज सगळ्या देशाची गेली आहे, असं समजा. आणि तीही दहा मिनिटं नाही, कित्येक आठवडे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये साधारण हेच झालं होतं.

८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला आणि ९ तारखेची पहाट उजाडायच्या आत सरकारनं एकेक नेता उचलला. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना नगरच्या किल्ल्यात डांबलं. वैशाखऱ्यावरून जाणारा रस्ता घाट चढून ज्या नगरला जातो, तेच हे नगर. पण आपले नेते तिथं आहेत, हे तेव्हा लोकांना माहीतच नव्हतं. त्यांना कुठं ठेवलंय हे सरकारनं गुपित ठेवलं होतं.

पेपरवर सेन्सॉरशिप. गांधीजींचं 'हरिजन' बंद. रेडिओ होता तो सरकारचा, त्यावर सरकारला हवं तेवढंच.

म्हणजे आंदोलन तर सुरू झालं होतं, पण शेजारच्या जिल्ह्यात काय चाललंय याचा कुणालाच पत्ता नव्हता.

याच मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. विजेचे मनोरे पाडून ब्रिटिशांना जेरीस आणणारे भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ च्या पहाटे इथंच गोळ्या लागून वीरमरण आलं. आजही दर २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात. कोतवालांची गोष्ट आपल्याकडं घराघरात माहीत आहे.

पण कोतवालांचा आझाद दस्ता इकडं डोंगरात सरकारच्या तारा तोडत होता, तेव्हा तिकडं मुंबईत एक मुलगी माणसांमधली तुटलेली तार जोडायच्या मागं लागली होती. वय वर्षं २२.

तिचं नाव उषा मेहता.

जजची मुलगी आणि तिरंगी फ्रॉक

उषाचा जन्म २५ मार्च १९२० चा. गाव सरस, गुजरातमधल्या सुरतजवळचं. वडील ब्रिटिश सरकारच्या कोर्टात न्यायाधीश. म्हणजे घरात पगार यायचा तो सरकारचा आणि पोरीच्या डोक्यात शिरले होते गांधी.

पाच वर्षांची असताना तिनं अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना पहिल्यांदा पाहिलं. पुढं गावाजवळ त्यांचं एक शिबिर भरलं, तिथं ती गेली, थोडं सूतही कातलं. आठव्या वर्षी, १९२८ मध्ये, सायमन कमिशनच्या विरोधातल्या मोर्चात ती घोषणा देत चालत होती.

दारूच्या दुकानांसमोर निदर्शनं करायलाही ही बच्चेकंपनी जायची. अशाच एका मोर्चात पोलिसांनी लाठ्या चालवल्या. झेंडा हातात घेतलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलांना लाठीपेक्षा झेंडा पडल्याचं जास्त लागलं. मग त्यांनी काय करावं? थेट झेंड्याच्या रंगांचे कपडे शिवून घेतले. केशरी, पांढरे, हिरवे. पुढच्या वेळी पोरं ते कपडे घालूनच रस्त्यावर उतरली. आता पाडा म्हणावं झेंडा.

वडिलांना हे सगळं पसंत असणं शक्यच नव्हतं. सरकारी नोकरी होती. पण १९३० मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. उषा तेव्हा १२ वर्षांची होती.

मुंबईत तिला रान मोकळं मिळालं. सविनय कायदेभंगाचे दिवस होते. चोरून छापलेली पत्रकं वाटायची, तुरुंगात असलेल्या लोकांना त्यांच्या नातेवाइकांबरोबर भेटायला जायचं आणि आतले-बाहेरचे निरोप इकडून तिकडं पोचवायचे, अशी कामं ती करायला लागली. लहान मुलांवर पोलिस फारसा संशय घेत नाहीत, हे मोठ्यांनाही माहीत होतं आणि पोरांनाही.

आणि हे सगळं करताना अभ्यास सोडला नव्हता बरं का. १९३५ मध्ये मॅट्रिकला ती पहिल्या २५ मध्ये आली. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन फर्स्ट क्लासमध्ये पदवी घेतली. मग कायद्याचा अभ्यास सुरू केला.

अंगावर कायम खादी. लग्न करायचं नाही, हे ठरलेलं. २०२४ मध्ये तिच्यावर सारा अली खानचा 'ऐ वतन मेरे वतन' हा सिनेमा आला, त्यात लव्हस्टोरीचा धागा आहे. तो सिनेमाचा. खऱ्या उषानं तरुण वयातच ब्रह्मचर्याचा निर्णय घेतला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला.

पत्रकं वाटून भागणार नव्हतं

९ ऑगस्टला सगळे मोठे नेते आत गेले. त्या दिवशी गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी झेंडा फडकवला, लाठ्या-अश्रुधूर झाला. पण दुसऱ्या दिवशी काय? तिसऱ्या दिवशी काय? आदेश देणारंच कोणी उरलं नव्हतं.

उषा आणि तिच्या मित्रमंडळींसमोर प्रश्न होता की, आपण नेमकं काय करायचं. इतिहास वाचताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. जिथं जिथं चळवळी यशस्वी झाल्या, तिथं लोकांपर्यंत स्वतःचा आवाज पोचवायचं साधन चळवळीच्या हातात होतं. पत्रक एका गल्लीत वाटता येतं, फार तर एका शहरात. रेडिओला भिंत नसते.

त्याच वर्षी सुभाषबाबू जर्मनीतून रेडिओवर बोलत होते. पण ते परदेशातून. देशाच्या आत, मुंबईसारख्या शहरात, पोलिस आणि मिलिटरीच्या मध्ये बसून स्टेशन चालवणं म्हणजे साप पाळण्यासारखं होतं.

शिवाय हा गुन्हा छोटा नव्हता. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यापासून सरकारनं हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते आणि त्यांचे ट्रान्समीटर जमा करून घेतले होते. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आलं होतं. अशा वेळी कोणी गुपचूप हवेत सिग्नल सोडतंय म्हणजे सरकारच्या नजरेत तो थेट युद्धातला गुन्हा.

तरी १४ ऑगस्टपासून जुळवाजुळव सुरू झाली.

टीममध्ये विठ्ठलदास झवेरी होते, चंद्रकांत झवेरी होते, बाबूभाई खाकर होते. पैशांची सोय करायला नात्यातली माणसं दागिनेसुद्धा द्यायला तयार होती, पण दागिने घ्यायचे नाहीत असं ठरलं आणि पैसे उभे करायची जबाबदारी बाबूभाईंनी घेतली. यंत्रांचं काय? तर शिकागो रेडिओ या कंपनीचे नानिक मोटवानी कामाला आले. काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवणारी हीच ती कंपनी. सामान आणि माणसं दोन्हींची मदत तिथून झाली. ट्रान्समीटर एका जाणकार तंत्रज्ञानं उभा केला. हा तंत्रज्ञ लक्षात ठेवा, तो पुढं परत येणार आहे.

भूमिगत असलेल्या राममनोहर लोहियांना या पोरांच्या उद्योगाचा सुगावा लागला आणि तेही जोडले गेले. अच्युतराव पटवर्धन, पुरुषोत्तम त्रिकमदास ही मंडळीही पाठीशी होती. काय बोलायचं याची दिशा आता मिळाली.

२७ ऑगस्ट १९४२ ला स्टेशन हवेत गेलं. काँग्रेस रेडिओ. साधारण ४२ मीटरवर, हिंदुस्थानात कुठून तरी बोलतोय, अशी घोषणा झाली. आवाज उषाचा होता.

त्या 'कुठून तरी'मध्येच सगळं आलं.

पोलिस शोधायचे कसे आणि ही पोरं निसटायची कशी?

४२ मीटर ही झाली लहरीची लांबी. आजच्या भाषेत फ्रिक्वेन्सी सांगायची तर साधारण ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे शॉर्टवेव्ह. शॉर्टवेव्हची गंमत अशी की तिचा सिग्नल वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावर आपटतो आणि परत खाली येतो. त्यामुळं छोट्या ट्रान्समीटरचा आवाजही शेकडो किलोमीटर लांब जाऊ शकतो. मुंबईतल्या एका खोलीतून बोललेलं दुसऱ्या प्रांतात ऐकू यायचं ते यामुळं.

पण जो सिग्नल श्रोत्याला ऐकू येतो, तो पोलिसालाही येतोच. गाडीवर फिरता अँटेना लावायचा, तो वळवत बघायचं की आवाज कुठल्या दिशेनं सगळ्यात जोरात येतोय. त्या दिशेनं नकाशावर एक रेघ मारायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन परत तेच करायचं. दोन-तीन रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं चोर.

या खेळात वेळ महत्त्वाचा. तुम्ही जितका जास्त वेळ बोलाल आणि जितके दिवस एका जागी राहाल, तितक्या रेघा नेमक्या होत जातात.

म्हणून दोन नियम ठरले. एक, थोडाच वेळ बोलायचं. आणि दोन, बिऱ्हाड सारखं हलवायचं.

चौपाटीजवळची सी व्ह्यू बिल्डिंग, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला. मुंबई ज्यांना माहीत आहे त्यांच्या लक्षात येईल, हा सगळा भाग फार मोठा नाही. एका टोकाकडून दुसरीकडं चालत जाता येईल. एवढ्याशा भागात पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर स्टेशन चालू होतं.

आणखी एक शक्कल होती. भाषणं रेकॉर्ड करायची जागा वेगळी आणि ती हवेत सोडायची जागा वेगळी. म्हणजे एका ठिकाणी धाड पडली तरी सगळे एकदम सापडणार नाहीत.

या रेडिओवर असायचं काय?

इंग्रजी आणि हिंदुस्थानी, दोन्ही भाषांत कार्यक्रम व्हायचे. सुरुवातीला देशभक्तीचं गाणं, मग बातम्या, भाषणं, लोकांना सूचना आणि शेवटी वंदे मातरम्.

बातम्या आणायला देशभरातून निरोपे यायचे. पेपर ज्या गोष्टी छापू शकत नव्हते, त्या इथं सांगितल्या जायच्या. चितगाववरचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, उत्तर प्रदेशातल्या बलियात लोकांनी उभं केलेलं स्वतःचं सरकार.

आणि आपल्या विदर्भातलं आष्टी-चिमूर.

१६ ऑगस्ट १९४२ ला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये लोकांनी उठाव केला. पोलिस आणि जमाव यांच्यात भिडंत झाली, दोन्हीकडची माणसं गेली. त्यानंतर चिमूरमध्ये फौज घुसली आणि तिथल्या बायकांवर जे अत्याचार झाले, त्याची बातमी बाहेर येऊ नये म्हणून सरकारनं सगळी ताकद लावली. पुढं या अत्याचारांची चौकशी करा म्हणून प्रा. भन्साळींनी उपोषण केलं, तर त्या उपोषणाच्या बातम्यांवरही बंदी आली. अशा काळात आष्टी-चिमूरला काय झालं, हे काँग्रेस रेडिओनं बोलून दाखवलं.

आज आपल्या फोनवर खऱ्याखोट्याची खिचडी रोज येऊन पडते, त्यामुळं एका बातमीची किंमत आपल्याला कळणं अवघड आहे. पण चिमूरच्या बाईचं दुःख मुंबईतल्या खोलीतून कोणी तरी मोठ्यानं सांगतंय, ते आणखी कुठं तरी बसलेला माणूस ऐकतोय, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. आपण एकटे नाही, हे त्यातून कळत होतं.

ऐकणाऱ्यांमध्ये सगळ्यात नेमानं ऐकणारे होते ते पोलिस. त्यांची माणसं रोज ट्युन करून कार्यक्रम लिहून काढत होती. गंमत बघा, स्टेशन बंद पाडण्यासाठी केलेल्या या नोंदी सरकारी दप्तरात राहिल्या आणि त्यामुळंच काँग्रेस रेडिओवर काय बोललं जायचं हे आज आपल्याला वाचायला मिळतं. अभ्यासक उषा ठक्कर यांनी या रेडिओवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक २०२१ मध्ये आलं, त्यात हा सगळा इतिहास आहे.

एक प्रश्न मात्र इथं विचारायलाच हवा. गांधीजींना लपूनछपून केलेलं काम पसंत नव्हतं. सत्याग्रहीनं जे करायचं ते उघड करावं आणि शिक्षा भोगावी, हा त्यांचा आग्रह. १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना बाहेर यायला सांगितलं. मग लहानपणापासून गांधींना मानणाऱ्या मुलीनं सिक्रेट रेडिओ चालवावा, हे कसं काय?

हा विरोधाभास होताच, तो झाकायचं कारण नाही. पण तिनं बंदूक उचलली नव्हती, बॉम्ब ठेवला नव्हता. ती बातम्या सांगत होती. आणि पकडलं गेल्यावर सुटकेसाठी धडपड न करता शिक्षा भोगायची, हा गांधींचा दुसरा भाग तिनं तंतोतंत पाळला. ते कसं, ते आता बघू.

१२ नोव्हेंबरची रात्र

अडीच महिने झाले होते. पोलिस रेघा मारून थकले होते. शेवटी स्टेशन सापडलं ते यंत्रामुळं नाही, माणसामुळं.

ट्रान्समीटर उभा करणारा तो तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि फुटला.

१२ नोव्हेंबर १९४२. धाडी पडायला लागल्यात, हे उषाला कळलं होतं. त्या दिवशी घरी बसणं शक्य होतं. पण कार्यक्रम बुडवायचा नाही म्हणून ती चंद्रकांत झवेरींबरोबर ट्रान्समीटरपाशी गेली.

कार्यक्रम संपत आला होता, वंदे मातरम् ची रेकॉर्ड लागली होती. तेवढ्यात दार वाजलं. पोलिसांचा मोठा ताफा, सोबत मिलिटरीचे तंत्रज्ञ, एकामागून एक दारं तोडत आत आले. रेकॉर्ड बंद करा म्हणून हुकूम झाला. उषानं नंतर सांगितलं त्याप्रमाणं, त्यांनी ती बंद केली नाही.

२७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर. मोजून ७८ दिवस. काँग्रेस रेडिओ संपला.

आवाजासाठी ओळखली जाणारी मुलगी गप्प बसली

उषा मेहतांची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथं थांबतात. स्टेशन पकडलं, तुरुंगात गेली, देश स्वतंत्र झाला, संपलं. पण तिच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड कामगिरी इथून पुढं सुरू होते.

सीआयडीनं तिची सहा महिने चौकशी केली. एकांतात कोंडून ठेवलं. पोलिसांना रेडिओ तर मिळाला होता, त्यांना आता माणसं हवी होती. पैसा कुठून आला, निरोप कोण आणायचं, लोहिया कुठं आहेत, पटवर्धन कुठं आहेत.

दटावून झालं. मग आमिष आलं. चळवळीची माहिती दे, शिकायला परदेशात पाठवतो. कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडून आलेल्या, पहिल्या वर्गात पास झालेल्या २२ वर्षांच्या मुलीसाठी हे आमिष अगदी मापात बेतलेलं होतं.

ती बोलली नाही.

स्पेशल कोर्टात खटला उभा राहिला. तिनं न्यायाधीशांना फक्त एक गोष्ट विचारली. प्रश्नांची उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का? नाही, असं उत्तर आलं. मग तिनं सांगून टाकलं की, मी एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही, स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही.

खटलाभर ती गप्प राहिली. न्यायाधीशाच्या मुलीनं कोर्टात कसं गप्प राहायचं हे दाखवलं.

शिक्षा झाली चार वर्षांची. तिच्याबरोबर बाबूभाई खाकर आणि चंद्रकांत झवेरी यांनाही शिक्षा झाली.

आता दोन तारखा बघा. राममनोहर लोहिया पोलिसांच्या हाती लागले ते मे १९४४ मध्ये, म्हणजे उषाच्या अटकेनंतर दीड वर्षानं. अच्युतराव पटवर्धन तर शेवटपर्यंत सापडलेच नाहीत. याचं सगळं श्रेय एकट्या उषाला देणं बरोबर नाही, त्यांना लपवणारे हात शेकडो होते. पण त्या साखळीतली जी कडी पोलिसांच्या मुठीत होती, ती तुटली नाही, एवढं नक्की.

एक तंत्रज्ञ बोलला आणि स्टेशन गेलं. एक मुलगी बोलली नाही आणि माणसं वाचली.

येरवडा

शिक्षा भोगायला तिला पुण्याच्या येरवडा जेलमध्ये पाठवलं. तिथं तब्येत ढासळली. उपचारांसाठी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये हलवलं, तर तिथंही तीन-चार पोलिस दिवसरात्र पहाऱ्याला. आजारी, अशक्त बाई पळून जाईल याची साम्राज्याला एवढी धास्ती. बरं वाटल्यावर परत येरवडा.

१९४६ च्या मार्चमध्ये ती सुटली. मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं होतं आणि गृहमंत्री होते मोरारजी देसाई. त्यांच्या आदेशानं मुंबईत सुटलेल्या राजकीय कैद्यांमध्ये पहिलं नाव उषा मेहता यांचं होतं.

पण सुटली ती शरीरानं खचूनच. १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश रस्त्यावर नाचत होता, दिल्लीत सोहळा होता आणि ज्या मुलीनं या दिवसासाठी आवाज पणाला लावला ती अंथरुणाला खिळून होती. दिल्लीला जाणं जमलंच नाही.

मग पुढं काय केलं?

इथं बऱ्याच स्वातंत्र्यसैनिकांच्या गोष्टीत निवडणुकीचं तिकीट येतं. उषाबेनच्या गोष्टीत येत नाही. हो, आता त्यांना उषाबेन म्हणायला हवं, मुंबईत सगळे त्यांना तसंच ओळखायचे.

तब्येतीमुळं सक्रिय राजकारण शक्य नव्हतं. त्या परत अभ्यासाकडं वळल्या. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठात पीएचडी केली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या, तिथंच राज्यशास्त्र शिकवलं. पुढं मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. १९८० मध्ये निवृत्त झाल्या.

म्हणजे रेडिओ चालवला अडीच महिने आणि वर्गात शिकवलं जवळपास तीस वर्षं. आपण लक्षात ठेवतो ते अडीच महिने.

शिकवण्याबरोबर दुसरं काम होतं ते संस्थांचं. गांधी स्मारक निधी, दिल्लीचं गांधी शांती प्रतिष्ठान, भारतीय विद्या भवन अशा ठिकाणी त्यांनी वर्षानुवर्षं जबाबदाऱ्या उचलल्या. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे मणिभवन.

गावदेवीत लॅबर्नम रोडवर हा दोन मजली बंगला आहे. गांधीजींचे मित्र रेवाशंकर झवेरी यांचा. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथंच उतरायचे. १९३२ च्या जानेवारीत त्यांना अटक झाली तीही इथूनच. पुढं तो गांधी संग्रहालय झाला. उषाबेन मणिभवनच्या अध्यक्ष होत्या, आणि तिथलं ग्रंथालय, व्याख्यानं, तरुणांसाठीचे उपक्रम हेच त्यांचं घर झालं.

लॅबर्नम रोड हे नाव वर कुठं वाचलं ते आठवतंय? अजित व्हिला. सिक्रेट रेडिओच्या लपायच्या जागांपैकी एक. ज्या रस्त्यावर २२ व्या वर्षी त्या पोलिसांपासून लपून बोलत होत्या, त्याच रस्त्यावर पुढची कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना गांधी समजावून सांगत राहिल्या.

पैशानं श्रीमंत असलेल्या माणसानं दान केलं की आपण त्याला दानशूर म्हणतो. उषाबेनकडं द्यायला इस्टेट नव्हती. खादीच्या दोन-चार साड्या, साधं राहणं, साधं खाणं. त्यांनी दिला तो वेळ. संसार नाही, पद नाही, सगळा वेळ संस्थांना आणि विद्यार्थ्यांना.

स्वातंत्र्यानंतरच्या देशाबद्दल त्या समाधानी होत्या असंही नाही. ज्या भारताचं स्वप्न बघितलं तो हा नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवली होती. पण खंत वाटते म्हणून काम सोडलं नाही.

१९९८ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. रेडिओ बंद पडून ५६ वर्षं झाल्यावर. 'मिर्च मसाला' आणि 'सरदार' हे सिनेमे करणारे दिग्दर्शक केतन मेहता त्यांचे भाचे. पण घरात एवढा मोठा सिनेमावाला असूनही आत्याबाईंनी स्वतःची गोष्ट विकायचा उद्योग कधी केला नाही.

शेवटचा ९ ऑगस्ट

गवालिया टँकला आज ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. मणिभवनपासून चालत गेलं तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. भारत छोडोच्या वर्धापनदिनाला उषाबेन तिथल्या कार्यक्रमाला जायच्या.

२००० सालच्या ९ ऑगस्टला अंगात ताप होता. वय ८०. तरी त्या गेल्या. घरी परतल्या तेव्हा पार थकल्या होत्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्ट २००० ला, त्या गेल्या.

मुंबईला चक्कर झाली की एकदा मणिभवन बघून या. चर्नी रोड नाही तर ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि गावदेवीकडं चालायचं. बंगल्यात चरखा दिसेल, गांधीजींची खोली दिसेल, खाली पुस्तकांनी भरलेलं ग्रंथालय दिसेल. मग त्याच रस्त्यावर जरा उभं राहा. १९४२ मध्ये पोलिसांची गाडी अँटेना फिरवत इथूनच आसपास रेंगाळत असणार, आणि कुठल्या तरी खिडकीआड एक मुलगी हळू आवाजात पुढची बातमी वाचत असणार.

आणि इकडं आपल्या बाजूला येणार असाल तर २ जानेवारीला या. सिद्धगडावर त्या दिवशी मोबाईलला रेंज असो-नसो, माणसं बरोबर पोचतात.